पूर्वेच्या खोलीतली झाडं

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,

सप्रेम नमस्कार.

फोन सोडून ही पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. आमच्या शुश्रूषा केंद्रातला फोन बैठकीच्या खोलीत भिंतीला आहे आणि तुझा नवरा दिवसभर त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसलेला असतो. मी तुझ्याशी बोलायला लागले की कान टवकारतो. ड्यूटीवर मोबाईल वापरायला बंदी आहे, आणि ती बंदी मीच घातलेली आहे. तेव्हा खरं काय ते कागदावर.

दादाला पक्षाघाताचा झटका येऊन चौथा महिना लागला. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालंय, म्हणजे टोचून बोलता येतं. काठी घेऊन चालतो. डावा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असतो. व्यायाम घेणारी मुलगी म्हणते, हात निकामी नाही, मालकच त्याला काम देत नाही. तिने रबरी चेंडू दाबायला दिला तर दादा म्हणाला, मी काय लहान मूल आहे? चेंडू कपाटाखाली गेला तो तिथेच आहे. मी मेट्रन असेन, पण त्याच्यासाठी मी अजून शेंबडी बेबीच. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या व्यवस्थापनाला सध्या नवं खूळ लागलंय. एक तज्ज्ञ येऊन पडद्यावर चित्रं दाखवून गेले. खोलीत झाडं असली की माणसाला बरं वाटतं, डोकं कमी दुखतं, हवा कोरडी पडत नाही, चिडचिड कमी होते. मी विचारलं, पाणी कोण घालणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात माती नको, असं मी ठणकावून सांगितलं, म्हणून सगळ्या कुंड्या बैठकीच्या खोलीत आल्या. आता ती खोली म्हणजे रोपवाटिका झालीय. दादाने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "एसीच्या खोलीत झाडं म्हणजे कपाटात ओला टॉवेल." उभं आयुष्य लोकांच्या ऑफिसांतले एसी दुरुस्त केलेल्या माणसाला कोण काय सांगणार!

आता कामाचं. उन्हाळ्यात त्याला घरी सोडतील असं दिसतंय. पूर्वेची खोली त्याला दे, तिथला गालिचा काढ. बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे बसवून घे. पलंग उंच हवा, बसताना गुडघे वर येता कामा नयेत. काय काय झालं ते कळव.

तुझी,
बेबी

*

२० फेब्रुवारी

प्रिय बेबीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. कपाटाखालचा चेंडू मला अगदी डोळ्यांसमोर दिसला.

गालिचा काढला. दांड्यांसाठी माणूस येऊन भिंत ठोकून गेला. म्हणतो, टाइलमागे पोकळी आहे, आधी ती भरावी लागेल. पुन्हा येतो म्हणाला. कधी ते देवाला ठाऊक.

तुझ्या झाडांच्या खुळावरून सांगते. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या वर दाताचे डॉक्टर होते ना, त्यांनी दवाखाना बंद केला. लेकाकडे राहायला चाललेत. खुर्च्या कुणी घेतल्या, ते भयंकर मशीन कुणी घेतलं, पण बाहेरच्या खोलीतल्या कुंड्या कुणालाच नकोत. जिन्यात उतरवून ठेवलेल्या होत्या, कचऱ्याची गाडी यायची होती. मला राहवलं नाही. दुकानातल्या मुलींनी हातभार लावला आणि सगळा लवाजमा रिक्षाच्या दोन फेऱ्यांत घरी आला. मनीप्लांट आहे, दोन नेचे आहेत, रुंद पानांची एक कसलीशी आहे जिचं नाव डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. बऱ्याच पानांवर नखांच्या खुणा आहेत. आत आपला नंबर लागेपर्यंत लोक बसल्या बसल्या पानं कुरतडत असणार. ह्या झाडांनी काय काय पाहिलं असेल!

सध्या ती पूर्वेच्या खोलीत ठेवलीत. उजेड तिथेच येतो.

झाडांनी माणसाला बरं वाटतं का, ते मला ठाऊक नाही. तज्ज्ञ म्हणतात तर वाटत असेल. मला एवढंच कळतं, की संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी मी त्यांच्याकडे जाते.

ह्यांना माझा नमस्कार सांग. औषधं वेळेवर घेतात ना?

तुझी,
वहिनी

*

५ मार्च

प्रिय वहिनीस,

अगं, मनकवडी आहेस की काय तू? इथे काय झालं ते ऐक, मग तुला कळेल मी असं का म्हणते.

बैठकीच्या खोलीत एक रबराचं झाड आहे, माझ्या खांद्याइतकं. मागच्या आठवड्यात त्याची पानं गळायला लागली. रोज सकाळी खाली दोन-तीन. मी पाणी वाढवलं, आणखी गळली. दादा सगळं बघत होता, तोंड वाकडं करून. एक दिवस म्हणाला, "मूर्ख बाई, पाणी नाही गं, वारा. एसीचा झोत थेट त्याच्या डोक्यावर येतोय." मी म्हटलं, मग हलव की तू. मी आपली चेष्टेत म्हणाले आणि औषधांच्या गाडीमागे निघून गेले. परत येऊन बघते तर तुझा नवरा काठी टाकून कुंडीला भिडलेला! उजव्या हाताने ओढतोय, आणि डावा हात, वहिनी, तो पिशवीसारखा हात कुंडीच्या काठाला धरून ढकलत होता. मी दारातच उभी राहिले. पुढे गेले असते तर त्याने सोडून दिली असती.

आता तो झाडांच्या मागेच लागलाय. सकाळी खुर्च्या सरकवतो, कुठल्या झाडाला कुठे बसवायचं ते ठरवतो. इथे घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, खुब्याचं हाड मोडलेले. त्यांच्याशी नेच्याच्या जागेवरून कडाक्याचं भांडण झालं. पण मला कबूल करायला हवं, खोलीत फरक पडलाय. झाडांशेजारी बसणारी मंडळी दुखण्याच्या गोळ्यांसाठी घंटा कमी वाजवतात. तज्ज्ञ म्हणतील हिरव्या रंगाने बरं वाटतं. मला विचारशील तर त्यांना कुरकुरायला नवा विषय मिळाला. कारण काहीही असो, माझे पाय वाचले.

आणि तू तिकडे आधीच त्याच्या खोलीत झाडं आणून ठेवलीस! मी त्याला सांगितलं, "बघ, वहिनीने तुझ्यासाठी खोली सजवलीय." रात्री जेवताना स्वतःहून मला म्हणाला, "तिला झाडं आवडतात हे मला माहीत नव्हतं." दादाच्या तोंडून 'मला माहीत नव्हतं'! आमच्या घराण्यात हे प्रथमच.

गुणाची गं तू.

तुझी,
बेबी

*

२६ मार्च

प्रिय बेबीस,

उत्तराला उशीर झाला. दुकानात नव्या फ्रेम आल्या होत्या, शिवाय वर्षअखेर.

ह्यांचा हात चालू लागला, खूप बरं वाटलं. त्या व्यायाम घेणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे.

दांड्यांचा माणूस आला नाही. पलंगाचं सुताराला सांगितलंय. इकडे खोलीच्या एका भिंतीला ओल दिसतेय, ती झाडांमुळे की वरच्या मजल्यावरच्या नळामुळे ते बघायला हवं. आजारी माणसाला ओल बरी नाही. व्यायाम अर्धवट टाकून येण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं. तुझ्याकडे आहेत तोवर निर्धास्त आहेत. घाई करू नकोस.

मी सध्या पूर्वेच्या खोलीतच झोपते. सकाळी खिडकी उघडली की नेच्याची पानं हलतात. त्या बिननावाच्या झाडाला नवं पान फुटलंय, गुंडाळी करून वर आलंय, अजून उलगडलं नाही. दुकानात निघताना मी ते बघते आणि आल्यावर पुन्हा बघते. वेडेपणाच आहे, पण आहे. घसा बसायचा माझा, तुला आठवतं? सारखा. तो बरा आहे आता. झोपही लागते.

बाकी ठीक.

तुझी,
वहिनी

*

१ एप्रिल

प्रिय वहिनीस,

तारीख बघून थट्टा समजू नकोस, खरंच आनंदाची बातमी आहे. डॉक्टरांनी दादाला तपासलं आणि म्हणाले, आता ह्यांना इथे ठेवून मी फक्त जागा अडवतोय. महिनाअखेरीला घरी सोडतायत. व्यायाम घेणारी तुमच्या गावातही मिळेल, मी नाव काढून ठेवलंय. ओलीची काळजी करू नकोस, वरच्या मजल्यावर जाऊन नळाचं तेवढं बघून ये.

दादा तर आत्ताच मनाने घरी पोचलाय. रोज संध्याकाळी मला समोर बसवून खोलीची मांडणी सांगतो. पलंग कुठल्या भिंतीला, एसीचा झोत कुठे. रुंद पानांचं झाड राहू दे म्हणतो, त्याला जागा कमी लागते. बाकीची जिन्यात काढायची, कारण इतकी झाडं एका खोलीत असली की हवा जड होते. खिडकी बंदच ठेवायची, धूळ येते. पाणी किती आणि कधी ते तो स्वतः बघणार. "तिला अंदाज नाही, ती भरमसाठ घालत असेल," इति तुझे पती. जित्याची खोड, दुसरं काय! पण मला बरं वाटलं गं. माणूस हुकूम सोडायला लागला म्हणजे बरा झाला. आमच्या धंद्यात हीच खूण.

दांडे मात्र बसवून घे, हात जोडते.

तुझी,
बेबी

*

६ एप्रिल

प्रिय बेबीस,

हे पत्र ड्यूटीवर असताना वाचू नकोस. खोलीवर गेल्यावर वाच.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ती झाडं मी ह्यांच्यासाठी आणली नव्हती. आणली तेव्हा कुणासाठीच नव्हती, कचऱ्यात जाऊ नयेत एवढंच मनात होतं. मग ती माझी झाली. तू मला मनकवडी म्हणालीस तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण कौतुक कुणाला नको असतं? आणि एकदा खरं लिहायला घेतलं की पुढचंही लिहावं लागणार, हे मला दिसत होतं. दांड्यांचा माणूस मागेच येऊन गेला, बेबी. पोकळी भरून द्यायला तयार होता. मीच त्याला नको म्हटलं.

ह्यांनी घरी यावं असं मला वाटत नाही.

हे लिहून मी पुन्हा वाचलं. खोडलं नाही.

तू विचारशील, दादाने तुझं काय वाईट केलं? काहीच नाही. हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत, पगार घरात दिला. तुझ्या आईचं दुखणं काढताना मला एकटीला सोडलं नाही. कुणाला सांगायला गेले तर लोक मलाच वेड्यात काढतील. पण मला थंडी वाजायची. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून. पहिल्याच वर्षी मी म्हणाले, मला गार वाटतंय, एसी जरा कमी करा. ते पिशवीतून तापमापक घेऊन आले, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "बघ, चोवीस. चोवीसला थंडी वाजत नाही." समजावून सांगितलं हो, चिडून नाही. त्यानंतर मी कधी काही म्हटलं नाही. तापमापकाशी कोण वाद घालणार? स्वेटर घातला आणि स्वयंपाकाला लागले. आमची लेक शाळेत असताना परीक्षेचा अभ्यास शेजाऱ्यांकडे बसून करायची, बोटं आखडतात म्हणायची. तिलाही त्यांनी तो तापमापक दाखवला होता.

झोपेचंही तसंच, भुकेचंही तसंच, पाहुणे किती वेळ बसावेत त्याचंही तसंच. सगळ्याला त्यांच्याकडे एक माप होतं आणि माझं वाटणं त्यात बसलं नाही की चूक माझी. ते वाईट नाहीत. ते बरोबर असतात. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहून बघ.

त्यांना झटका आला त्या दिवशी मी रडले, ते खोटं नव्हतं. तू त्यांना तुझ्याकडे नेलंस, मी घरी परतले, आणि थोड्या दिवसांनी लक्षात आलं, की मी स्वेटर घातलेला नाही. मग झाडं आली. त्यांना उजेड हवा म्हणून पूर्वेची खोली उघडली, वारा हवा म्हणून खिडकी. माझ्यासाठी मी ती कधी उघडली नसती, हेही खरं. झाडांच्या नावाने उघडली. माझा घसा झाडांमुळे बरा झाला की खिडकीमुळे की घरात दुसरं माणूस नाही म्हणून, ते तुमच्या तज्ज्ञांना विचार. मला वाटतं, तिसरं.

तू लिहिलंस, एक झाड राहील, बाकीची जिन्यात. ते वाचून मी उठले आणि त्या खोलीत जाऊन दाराला आतून कडी घातली. घरात मी एकटीच होते.

आता तुला जे वाटेल ते वाटू दे.

तुझी,
वहिनी

*

८ एप्रिल

वहिनी,

इथे पश्चिमेकडच्या दालनात अशी माणसं आहेत ज्यांना घ्यायला कुणी येत नाही. सणावाराला फळं येतात, माणूस येत नाही. त्यांचे केस मी कापते, नखं मी कापते. माझा भाऊ त्यांच्यातला एक होईल, आणि तो तुझ्यामुळे होईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

तुझ्या घशाची खवखव आणि त्याचं अर्धं शरीर तू एकाच तागडीत घालतेस? बायकांना काय काय सोसावं लागतं ते मला शिकवू नकोस, रोज बघते. तुला थंडी वाजायची!

तो रोज दारात बसून महिनाअखेरीची वाट बघतोय. त्याला मी काय सांगू? झाडांना जागा आहे, तुला नाही?

बेबी

*

११ एप्रिल

प्रिय बेबीस,

तुझं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. त्यात एक चूक आहे. जागा आहे. घर त्यांच्या नावावर आहे, त्यांना हवं तेव्हा त्यांनी यावं. मी तिथे नसेन. दुकानाच्या मागे मालकिणीची एक खोली रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय. एका बाजूला उजेड येतो. सगळ्या कुंड्या नाही मावणार, पण मी मावेन.

मी त्यांना टाकत नाही. त्यांचा खर्च, औषधं, येणंजाणं, सगळं बघेन. त्यांची नखंही कापेन, तुझ्यावर नाही टाकणार. फक्त एका छताखाली नाही.

राग मला कळतो. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट लिहिलं असतं. पण एक विचारते. सतरा वर्षांची असताना तू नर्सिंगच्या हॉस्टेलात गेलीस. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमच्या बेबीला सेवेची आवड. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा भांडी विसळताना तू मला वेगळंच कारण सांगितलं होतंस. आठवतं?

तुझी,
वहिनी

*

२२ एप्रिल

प्रिय वहिनीस,

आठवतं.

बाबा गेल्यावर घरात दादाचं राज्य आलं. मी काय शिकायचं, कुणाच्या घरी जायचं, दिवा कधी मालवायचा. सगळं माझ्या भल्याचंच असायचं, आणि बहुतेक वेळा बरोबरही. हॉस्टेलात चार मुलींच्या खोलीत मला खिडकीजवळचा पलंग मिळाला. त्या वर्षाचं दुसरं काही आठवत नाही. मी सुटून गेले आणि तुला तिथे बघून मला कधी शंकासुद्धा आली नाही, कारण तू हसत असायचीस. तुझ्यावर ओरडले ते ओरडले. शब्द मागे घेत नाही, कारण तेव्हा तसंच वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

मी दादाला सांगितलं. गेल्या सोमवारी.

वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही असा आमचा नियम आहे. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, ते तुझं-माझं आहे. पण आडपडदाही ठेवला नाही. तू काय म्हणतेस ते सांगितलं, थंडीचं सांगितलं, तापमापकाचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "चोवीसच ठेवत होतो मी. चोवीसला कुणाला..." आणि थांबला. समोर घड्याळवाले आजोबा कानटोपी घालून गुरफटून बसले होते आणि त्यांचा व्यायाम घेणारी मुलगी अर्ध्या बाह्यांत घाम पुसत होती. एकच खोली, एकच एसी. दादा त्यांच्याकडे बघत बसला. मग मला म्हणाला, तू जा, तुझी कामं असतील.

दोन दिवस झाडांकडे गेला नाही, मीच पाणी घातलं. व्यायामाला मात्र गेला, कुणी न सांगता. काल संध्याकाळी मला हाक मारली. मान खाली घालून म्हणाला, "तिला विचार. मी आलो तर चालेल का?"

वहिनी, 'चालेल का' हे मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी फक्त निरोप पोचवतेय. गळ घालत नाही. माझ्या मनातलं विचारशील तर तू हो म्हणावंस, असं आहे. तो माझा भाऊ आहे, मला दुसरं काय वाटणार? पण तुझ्यासाठी काय बरं ते मी ठरवणार नाही. आमच्या घरात ते काम पुष्कळ झालं.

डॉक्टरांना सांगून तारीख पुढे ढकललीय. तुझं उत्तर येईपर्यंत तो इथेच आहे.

तुझी,
बेबी

*

२६ एप्रिल

प्रिय बेबीस,

पत्र दुकानात मिळालं, तिथेच वाचलं आणि तिथेच रडले. वाचायचा चष्मा करायला आलेल्या एका बाईंनी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

चालेल का! एवढंच तर हवं होतं मला. पहिल्या वर्षी वाट पाहिली, पाचव्या वर्षी पाहिली, मग सोडून दिली. आता ह्या वयात, अर्धं अंग लुळं पडल्यावर, तो प्रश्न आला. आला हेच नवल. तू त्यांना सांगितलंस म्हणून आला, तुझे उपकार विसरणार नाही.

मी हो लिहिलं होतं. खरंच. पाकीटही बंद केलं. मग चहा ठेवायला उठले आणि माझ्याच लक्षात आलं, की मी भांडं आवाज न करता खाली ठेवतेय. पाऊल दबकत टाकतेय. ते अजून तुझ्याकडे आहेत, इतक्या लांब, आणि मी आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखी चालत होते. गॅस बंद केला आणि पाकीट फाडलं.

ते बदलले नसतील असं मी म्हणत नाही. कदाचित बदलले असतील, कदाचित विचारून विचारून मला सतावतीलही. पण माझं अंग त्यांच्याबरोबर राहून जे शिकलंय, ते त्यांच्या एका प्रश्नाने विसरणार नाही. बदलायला त्यांना एवढं मोठं दुखणं लागलं. मला बदलता कशाने येईल ते माहीत नाही, आणि ते शोधण्यात आता उरलेली वर्षं घालवायची माझी इच्छा नाही.

माझं उत्तर 'नाही' असं आहे.

हे तू त्यांना सांगू नकोस. त्यांनी मला विचारलंय, तर माझ्याच तोंडून कळायला हवं. घराचंही बोलायचं आहे, कोण कुठे राहणार ते आम्ही दोघं समोर बसून ठरवू. शनिवारी दुकान अर्धा दिवस आहे, दुपारच्या बसने येते. ते चिडले तर चिडू दे, रडले तर रडू दे. मीही रडेन. तू मात्र मध्ये पडू नकोस, आणि त्या वेळी बैठकीच्या खोलीत दुसरं कुणी येणार नाही एवढं बघ.

तुझी,
वहिनी